मला आठ दिसत होता

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, आणि ज्याला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्या बाळूला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसासमोर खरं बोलायची माझी सवय सुटली आहे. सुटली म्हणे! बघा, सुरुवातीलाच कसा सावरून घेतोय स्वतःला.

आमचं गाव पलूस तालुक्यातलं. उसाचं, द्राक्षांचं आणि फौजेचं. घरटी एक माणूस फौजेत जायचा. तसा काही कायदा नव्हता, पण ज्या घरातून कुणी गेलं नाही, त्या घराकडे लोक जरा वेगळ्या नजरेनं बघायचे. पहाटे कालव्याच्या रस्त्यावर पोरं पळायची आणि मागून सायकलवर माझे वडील — निवृत्त हवालदार. आख्ख्या गावाची पोरं त्यांनी भरतीसाठी तयार केली. मी त्यांचा थोरला मुलगा. मी जाणार का, असं मला कधी कुणी विचारलं नाही. सूर्य उगवणार का, असं कोण विचारतं?

मी बरा पळायचो. छातीही भरत होती. पण आदल्या वर्षी वरच्या आळीतला एकजण तिरंग्यात गुंडाळून गावात आला होता. सगळा गाव घोषणा देत होता, मी त्याच्या आईकडे बघत होतो. ती रडत नव्हती. पेटीच्या एका टोकावरून हात फिरवत होती, जिथं आत त्याचे पाय असतील तिथं. त्या दिवशी मला समजलं की आपल्याला जायचं नाही. मला जगायचं होतं, दुसरं काही नाही.

भिणं हा काही गुन्हा नाही हो. देशानं माझा हात धरून मला ओढलं नव्हतं. वडिलांसमोर उभं राहून ‘मला नाही जायचं’ एवढंच म्हणायचं होतं. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या, महिनाभर अबोला धरला असता. पण तेवढंही मला जमलं नाही. मला लढाईची जितकी भीती वाटत होती, तितकीच वडिलांच्या तोंडाची वाटत होती. आणि मग — सांगतो, सांगतो.

माझ्या वर्गातला एक मित्र माझ्याआधी भरतीला जाऊन परत आला होता. पळण्यात पास, मेडिकलमध्ये नापास. डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक दाखवलं. तो मला म्हणाला, ‘समद्यांना आठ दिसतोय गड्या, मला तीनच दिसतोय.’ तांबड्या-हिरव्याचा दोष. जन्माचा, कुणाचाच अपराध नाही. गाव त्याला नावं ठेवत नव्हतं, उलट हळहळत होतं. मी ते ऐकून घेतलं आणि लक्षात ठेवलं.

कोल्हापूरच्या भरतीत माझा नंबर आला. डॉक्टरांनी पुस्तक उघडलं. त्यात आठ होता. स्वच्छ, ठसठशीत, तांबड्या ठिपक्यांचा आठ.

मी म्हणालो, “तीन.”

झालं. एवढंच. पुढची पानं आली, त्यांवर मी गडबडलो, काही दिसत नाही म्हणालो, आणि बाहेर आलो तेव्हा वडील फाटकाशी उभे होते. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. पण ते रागावले नाहीत. माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाले, “देवानंच तसं दिलंय, तू काय करनार?” आयुष्यात त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला तो त्या एकाच दिवशी.

माझी गोष्ट इथं संपली असती तर कदाचित मी ती तुम्हाला सांगितलीही नसती. पण घरटी एक, ही रीत होती ना. मी नाही, मग कोण?

बाळू माझा धाकटा भाऊ. त्याला फौजेचं वेड कधीच नव्हतं. त्याचा जीव गोठ्यात. बेंदराच्या सणाला आमच्याच काय, आळीतल्या सगळ्या बैलांची शिंगं तो रंगवायचा, आणि रंग असे लावायचा की लोक थांबून बघायचे. वडिलांना धास्ती, की दोष घराण्यातच असेल तर बाळूही नापास होईल. म्हणून त्यांनी त्याला अंगणात बसवलं आणि शिंगांच्या रंगांचे डबे पुढे ठेवले. मी उंबऱ्यात उभा होतो. बाळूनं एकदा माझ्याकडे पाहिलं. तोही खोटं बोलू शकला असता, नाही का? त्याला तर खरोखर जायचं नव्हतं, दावं सोडताना गाईच्या मानेला मिठी मारणारा पोरगा तो. पण बाळूनं एकेक डबा उचलला आणि सगळे रंग बरोबर सांगितले.

तो गेला. बर्फात होता बरीच वर्षं. परत आला तेव्हा डाव्या पायाची बोटं राहिली नव्हती. ‘थंडीनं न्हेली,’ एवढंच म्हणाला. गोठ्यात अजूनही जातो, लंगडत.

आणि मी? मी कुपवाडला लेथवर काम केलं, घर बांधलं, आणि आंधळ्याचं सोंग केलं. सोपं नसतं ते, सांगतो. बाजारात टोमॅटो पिकलाय का, हे बायकोला विचारायचं. शर्टाचा रंग तिलाच विचारायचा. बेंदराला ब्रश हातात घ्यायचा नाही. पंधरा ऑगस्टला गावात भाषण करायला मला बोलवायचे — बोलतो बरा ना मी! ‘माझे डोळे आडवे आले, पण माझा भाऊ गेला,’ असं म्हटलं की टाळ्या पडायच्या. देशासाठी आपण काय देणं लागतो, यावर मी पोरांना शिकवलंय. समोर खुर्चीत बाळू बसलेला असायचा, बुटात कापूस कोंबून. तोही टाळ्या वाजवायचा.

हे सगळं मी सोसलं असतं. मी कसलं सोसलं असतं? सोसत होते ते दुसरेच. पण वैशाली, माझी मुलगी.

तिला साताऱ्याकडचं स्थळ आलं होतं. मुलगा फौजेत, त्याचे वडील फौजेत, आजोबाही. पोरांनी एकमेकांना पसंत केलं होतं. बैठकीला मुलाचे मामा आले, लष्करी दवाखान्यातून निवृत्त झालेले. त्यांनी अगदी नम्रपणे सांगितलं, “पाव्हणं, रागावू नका. आईच्या बापाला रंग दिसत नसले की नातवाला दोष उतरतोय. आमच्या घरातली पोरं भरतीतनं माघारी आलेली आमाला चालायची न्हाईत.”

माझ्या हातात चहाची बशी होती. मला दिसतंय, एवढं म्हणायचं होतं. बशीवरच्या फुलाचा रंगसुद्धा सांगू शकलो असतो, गुलाबी होतं ते. पण शेजारी बाळू बसला होता. त्याच्यासमोर कसं म्हणणार? मग बाळूच उठला. त्यानं आपली टोपी काढून त्या मामांच्या पायाशी ठेवली आणि म्हणाला, “दादाचं डोळं अधू हायती, पन आमी देशाला कमी पडलो न्हाई. माझ्याकडं बघून पोरगी घ्या.” ते उठून गेले. मी चहा पिऊन टाकला.

वैशाली आता पाचगणीला एका वसतिगृहात मुलींची देखरेख करते. पुढची स्थळं तिनं स्वतःच नको म्हटली, दुसऱ्याच्या घरात आपला दोष कशाला न्यायचा म्हणून. मला म्हणाली होती, “आप्पा, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, तुमचा काय दोष?” मी मान हलवली.

गेल्या महिन्यातलं सांगतो आणि थांबतो. बाळूला मोतीबिंदू झालाय. मी त्याला गाडीवर बसवून सांगलीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. गेली कित्येक वर्षं तो मागे बसला की मला सिग्नल सांगतो. कुणी सांगितलं नव्हतं त्याला, आपलं आपणच सुरू केलं. तांबडा हाय, थांब. हिरवा झाला, चल.

डॉक्टर पोरगेलेसे होते. बाळू त्यांना म्हणाला, “माझं ऱ्हाऊ द्या सायेब, पयलं दादाचं बघा. आता नवीन कायतरी इलाज निघाला असंल की. लय वर्सं काढली त्यानं.” डॉक्टर हसले आणि खणातून ते पुस्तक काढलं. तसंच पुस्तक. पहिली पानं उलटली. आठ. तांबडा आठ. बाळू खुर्चीतून पुढे झुकला होता, त्याला स्वतःला काही धड दिसत नव्हतं, आणि तोंडावर अशी आशा, जणू बक्षीस त्यालाच मिळणार आहे.

मी म्हणालो, “तीन.”

“जाऊ दे दादा,” बाळू म्हणाला, “मी हाय की.”

त्याच्या डोळ्यांत औषध घातलं होतं. परत येताना चौकात ऊन मी म्हणत होतं आणि त्यानं डोळ्यांवर हात धरला होता. मी थांबलो. तो बोटांच्या फटीतून वर बघून म्हणाला, “हिरवा झाला, दादा. चल.”

दिवा तांबडा होता. वरचा दिवा पेटलाय, एवढं तर रंग न दिसणाराही म्हणाला असता. मला तेही सुचलं नाही. मला एवढंच सुचलं, की थांबून राहिलो तर याला कळेल. पाठीमागे तो बसला होता, माझ्या खांद्यावर हात ठेवून.

मी गाडी सोडली.

डावीकडून आलेल्या ट्रकनं करकचून ब्रेक दाबला. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढून आईवरून शिवी दिली.

“त्येला दिसत न्हाई वाटतं,” बाळू म्हणाला.

“व्हय,” मी म्हणालो.