चार पाट्यांची दावण

आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये ब्रेडबोर्ड, म्हणजे सर्किट जोडायचे भोकांचे बोर्ड, मोजकेच होते. प्रॅक्टिकल संपलं की जोडलेलं सगळं उपटायचं आणि बोर्ड मोकळा करून द्यायचा, हा नियम. दुसरी बॅच दारात उभीच असायची. पुढच्या आठवड्यात पुन्हा पहिल्यापासून जोडणी. त्यात बोर्डांची भोकं सैल झालेली. तार घातली की बसायची, हात काढला की सुटायची. मला याचा भयंकर राग यायचा. बाकीच्यांना येत नव्हता, कारण त्यांना प्रॅक्टिकल करायचं होतं ते सही मिळण्यापुरतं. मला ते चालू झालेलं बघायचं असायचं.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी नगरला बी.एस्सी. इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला होते. पारनेर तालुक्यातल्या एका गावाच्या बौद्धवस्तीतून आलेली. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलं नव्हतं. हे मी खाली मान घालून सांगत नाही, तेव्हाही घालत नव्हते. शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट असायचा. बहुतेक जण तयार किट आणून सोल्डर करायचे: पाण्याची टाकी भरल्यावर वाजणारी घंटी, नाहीतर अंधार पडल्यावर लागणारा दिवा. मी ठरवलं, आपण उपटावं लागणार नाही असं काहीतरी करायचं.

एक हातभर लांब पट्टी घेतली. तिच्यावर दोन तारा या टोकापासून त्या टोकापर्यंत नेल्या, एक प्लसची, एक मायनसची. मध्ये चार ठिकाणी सॉकेट बसवली. आठ पायांच्या आयसीचं, म्हणजे चिपचं, सॉकेट उभं चिरलं की चार-चार भोकांच्या दोन पट्ट्या मिळतात, त्याच वापरल्या. मग बिस्किटाएवढ्या चार छोट्या पाट्या केल्या, एकीवर एकच सेन्सर. एक उजेड ओळखायची, एक ऊब, एक ओल, एक आवाज. ओलीच्या पाटीला सायकलचे दोन आरे जोडलेले, मातीत खुपसायला. पट्टीच्या टोकाला एक बटण, एक लाल दिवा, एक बझर. कुठलीही पाटी कुठल्याही जागी खुपसायची, बटण फिरवायचं, काम सुरू. नको असेल तर उपसायची आणि दुसरी लावायची. काही तुटत नाही, काही सुटत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत ते घरी नेलं. माझी आई तेव्हा गावातल्या एका मोठ्या घरच्या गोठ्यात शेण काढायची. हात पुसत येऊन बसली. मी एकेक पाटी लावून दाखवली. उजेडाच्या पाटीवर तिनं हात धरला, दिवा लागला. हात काढला, विझला. तिनं चार-पाच वेळा केलं ते.

"आन् ही कुटंबी लावली तरी चालती?"

"कुठंपण. चारी जागा सारख्या."

"मंग ही दावण हाय की गं. लांब दोर, अन् त्याला वळीनं बांदलेली गुरं. हे सोड, ते बांद." आणि मग ती हसायला लागली. "आपल्या दारात कदी शेळी टिकली न्हाई, अन् पोरीनं चार गुरांची दावण केली."

मला दुसरं नाव शोधायची गरजच उरली नाही. दावण.

तिथंच एक पाटी जळाली. गप्पांच्या नादात मी उबेची पाटी उलटी खुपसली. प्लस मायनसला, मायनस प्लसला. तो आयसी जळाल्याचा कडू वास घरभर. आई म्हणाली, "जनावर बुजलं का काय?" बुजलं नव्हतं, मेलं होतं. मी चुलीजवळची काडेपेटी घेतली, एक काडी ब्लेडनं तासली आणि प्रत्येक सॉकेटच्या दुसऱ्या भोकात एकेक तुकडा ठोकला. पाट्यांचा दुसरा पाय कापून टाकला. आता सरळ लावली तर कापलेला पाय काडीवर येतो, पाटी बसते. उलटी लावली तर शाबूत पाय काडीवर येतो, आत जातच नाही. हवा तेवढा जोर करा.

सुट्टी संपल्यावर नवा आयसी बसवून प्रोजेक्टच्या सरांना दाखवलं. सर वाईट नव्हते, पण त्यांना नवं काही आलं की दात दुखल्यासारखं व्हायचं.

"याचं काम काय?"

"जी पाटी लावाल तिचं, सर."

"हे काय भेळेचं दुकान आहे? जे मागाल ते? प्रोजेक्टला एक काम असतं." मग त्यांनी रिपोर्टचं पहिलं पान उघडलं. रिपोर्ट इंग्रजीत, नाव मात्र मी इंग्रजी अक्षरांत 'दावण' असंच टाईप केलं होतं. "आणि हे गोठ्यातलं काय आणलंस? हा विज्ञानाचा विभाग आहे. एक सेन्सर ठेव, पक्का सोल्डर कर, बाकीचे काढ. 'लाइट ऑपरेटेड स्विच' असं सरळ नाव दे. शनिवारी आण, सही करतो. नाहीतर माझी सही नाही."

सही नाही म्हणजे प्रोजेक्ट नाही, प्रोजेक्ट नाही म्हणजे त्या वर्षी पदवी नाही. आणि पुढचं वर्ष मला घरातून मिळणार नव्हतं, हे मला माहीत होतं.

हॉस्टेलवर मैत्रीण म्हणाली, "कर ना बाई सोल्डर. चार थेंब शिसं. पास झाल्यावर काढून टाक."

तिचं चुकत नव्हतं. मी सोल्डरिंग गन तापवलीही. पण एकदा ते चार थेंब पडले की ती दावण राहत नव्हती. एक गाय खुंट्याला खिळे मारून ठोकल्यासारखं होणार होतं. आणि नावाचं म्हणाल, तर गोठ्यातलं म्हणून जे त्यांना नको होतं, त्याच गोठ्यातल्या कामावर माझी हॉस्टेलची खोली चालली होती. मी गन बंद केली.

शनिवारी दावण जशीच्या तशी सरांच्या टेबलावर ठेवली.

"बदललं नाहीस?"

"नाही, सर."

"मग सही मागायला का आलीस?"

"मागायला नाही, सांगायला आले. तुमची सही नसली तरी परीक्षेच्या दिवशी मी हे घेऊन बाहेरून येणाऱ्या परीक्षक सरांसमोर बसणार. बसू दिलं नाही तर दारात उभी राहीन. त्यांनी विचारलं, सही का नाही, तर जे झालं तेच सांगेन. वाढवून सांगणार नाही."

सर म्हणाले, "तुमच्याकडे सगळे असंच बोलतात का?"

"आमच्याकडे म्हणजे पारनेरकडे का, सर?"

त्यांनी रिपोर्टवर सही केली आणि खाली पेन्सिलीनं लिहिलं: शीर्षक अयोग्य. पेन्सिलीनं लिहिलेलं खोडता येतं. मी खोडलं नाही.

परीक्षेला आलेले सर पुण्याकडचे होते. त्यांनी पान उघडलं. "डेव्हन? हा काय ब्रँड आहे?"

"दावण, सर. गुरं बांधतात ती."

"इथं गुरं कुठायत?"

"ही चार."

आमचे सर खिडकीबाहेर बघत होते. पाहुण्यांनी ओलीची पाटी उपसली, उलटसुलट पाहिली आणि पट्टी चालू असतानाच परत खुपसायला लागले. उलटी. जाईना. त्यांनी अंगठ्यानं दाब दिला.

"बसत का नाही?"

"उलटी आहे, सर. काडी आडवी येते. उलटी बसली तर आयसी जळतो."

"कसली काडी?"

"काडेपेटीतली."

त्यांनी पाटी फिरवली, सरळ लावली, टेबलावरच्या ग्लासातल्या पाण्यात आरे बुडवले. बझर वाजला. त्यांनी आरे काढले, पुन्हा बुडवले. माझी आई करत होती तसं, चार-पाच वेळा. मग पेन्सिलीच्या शेऱ्यावर बोट ठेवून आमच्या सरांना म्हणाले, "अयोग्य का?" सर म्हणाले, "ते आपलं... भाषेचं." एवढंच.

मी पास झाले. प्रोजेक्टला मार्क साधारणच पडले, त्यावर माझं काही म्हणणं नाही. निकालानंतर सर म्हणाले, "तो बोर्ड लॅबला ठेव. प्रॅक्टिकलला बरं पडेल."

"ठेवते, सर. वर नाव काय लिहाल?"

"सेन्सर युनिट."

"मग नको."

आता तयार बोर्ड पाकिटात मिळतात. खुपसा आणि चालवा. पुढं सुप्याच्या कारखान्यात टेस्टिंगला लागले तेव्हा असे कितीतरी बोर्ड माझ्या हाताखालून गेले. उलटं न बसणारं सॉकेट दिसलं की मी आधी काडी कुठंय ते बघते.

निकालाच्या त्या दिवशी एसटीत पट्टी मांडीवर घेऊन मी गावी आले. पदवीचं सांगितलं. आईनं ऐकून घेतलं आणि पहिलं विचारलं, "नाव त्येच ठिवलं का?"

"तेच."

तिनं चुलीच्या भिंतीवर खिळा ठोकला आणि ती लटकवली. दोन दिवसांनी आई शेण काढायची त्या मोठ्या घरची बाई कामाचा निरोप घेऊन दारात आली, आत डोकावली आणि म्हणाली, "हे काय गं टांगलंय?"

आई भाकरी थापत होती. तिनं मानही वर केली नाही.

"दावण हाय. आमची."