आत्याची थायरॉइडची गोळी आणि सकाळची कॉफी

होळी होऊन आठवडा झाला होता. बडोद्यात घरोघरी पंखे सुरू झाले होते... आणि कारेलीबागेतल्या फ्लॅटमध्ये माझी सुमनआत्या स्वेटर घालून बसली होती.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. सत्तरी ओलांडलेली, काका गेल्यापासून एकटी राहते. वर्षानुवर्षं गणिताच्या शिकवण्या घेतल्या, सोसायटीच्या मीटिंगमध्ये तिच्याशी वाद घालायला भलेभले कचरायचे. त्या हिवाळ्यात मात्र ती हळूहळू गप्प होत गेली.

बोलताना शब्द अडायला लागले. मला माझ्या आईच्या नावाने हाक मारायची. चेहरा सुजल्यासारखा दिसायचा, दुपार दुपार झोपून असायची. एकदा दूध गॅसवर ठेवून विसरली... पातेलं जळल्याचा वास शेजारच्या हंसाबेनना आला, आत्याला नाही.

तिचा मुलगा मंदार पुण्यात असतो. दुधाची गोष्ट कळल्यावर त्याने ठरवूनच टाकलं, आईला पुण्याला न्यायचं आणि फ्लॅट भाड्याने द्यायचा. त्याची काळजी खोटी नव्हती. "उद्या काही झालं तर हंसाबेन किती पुऱ्या पडणार?" असं तो म्हणाला, ते मलाही पटत होतं.

घरात सगळ्यांच्या मनात तोच विसरण्याचा आजार होता, ज्याचं नाव कुणी घेत नव्हतं. मी आत्याला विचारलं, "तुला जायचंय का पुण्याला?" ती म्हणाली, "तुम्ही ठरवाल तसं." मला भीती वाटली ती तेव्हा. एरवी तिने भांडून घर डोक्यावर घेतलं असतं...

तिला थायरॉइडची गोळी बरीच वर्षं चालू होती. मधल्या काळात डोस दोनदा वाढवला, तरी रिपोर्ट बिघडलेलाच. पुण्याला जायच्या आधी निदान एकदा नीट दाखवून घेऊ म्हणून मी तिला एका नव्या डॉक्टरबाईंकडे नेलं.

बाईंनी सगळे जुने रिपोर्ट क्रमाने लावून पाहिले. गोळी अधूनमधून चुकते का, असं विचारलं. आत्या दुखावली. "एक दिवस चुकवलेली नाही," असं तिने त्यांना गुजरातीत ठणकावलं.

मग बाईंनी विचारलं, "मासी, गोळी शेनी साथे लो छो?"

"कॉफीबरोबर. उठल्या उठल्या. पाण्याबरोबर घशात अडकल्यासारखं होतं."

काका रिफायनरीत होते. बाजव्याकडच्या कॉलनीत राहत असताना शेजारच्या तमिळ वहिनींनी आत्याला फिल्टर कॉफी शिकवली, तेव्हापासून तिची सकाळ पितळेच्या फिल्टरनेच सुरू होते. वर्षभरापूर्वी गोळी पाण्याने उतरेना, म्हणून तिने ती कॉफीच्या पहिल्या घोटाबरोबर घ्यायला सुरुवात केली होती. ही काही डॉक्टरांना सांगायची गोष्ट आहे, असं तिला वाटलंच नव्हतं. आम्हालाही नसतं वाटलं.

बाईंनी समजावून सांगितलं. कॉफीबरोबर घेतली तर ही गोळी अंगात नीट शोषली जात नाही. म्हणजे आत्या रोज गोळी घेत होती, पण तिचा मोठा भाग वायाच जात होता. थायरॉइड खूप कमी पडलं की थंडी वाजते, सूज येते, मन मंदावतं, विसरायला होतं... "हे सगळं त्यानेच आहे असं मी आज म्हणणार नाही. पण आधी हे दुरुस्त करू, मग पुढच्या तपासण्या."

"म्हणजे कॉफी सोडायची?" आत्याचा आवाज चढला. कित्येक महिन्यांनी.

बाई हसल्या. सोडायची गरज नाही, म्हणाल्या. उठल्यावर गोळी साध्या पाण्याबरोबर, घशात अडकू नये म्हणून ग्लासभर; कॉफी त्यानंतर तासाभराने. फक्त झोप नीट लागत नसेल तर संध्याकाळचा कप बंद. वाढवलेला डोस आता पूर्ण लागू पडेल, म्हणून छातीत धडधड झाली तर लगेच यायचं, नाहीतर दीड महिन्याने रक्त तपासायचं.

मी मंदारला फोन करून तेवढा वेळ मागितला. "कॉफीमुळे? खरंच?" असं तो दोनदा म्हणाला. पण थांबला.

सुरुवातीला सकाळी मी तिच्याकडे जाऊन बसायचे. गोळी घेतल्यावरचा तो तास आत्याला जड जायचा. कॉफीचं डिकॉक्शन तयार, घरभर वास, आणि ती घड्याळाकडे बघत माझ्यावर चिडचिड करतेय... मला ती चिडचिडही बरी वाटायची.

फरक एकदम पडला नाही. आधी स्वेटर गेला. मग दुपारची झोप कमी झाली. मग एक दिवस हंसाबेनचा फोन, की तुमच्या आत्या पाण्याच्या पंपावरून सेक्रेटरीशी भांडतायत, येऊन सोडवा. मी मुद्दाम गेले नाही.

रक्ताचा रिपोर्ट बराच सुधारला होता. पुढच्या वेळी तर बाईंनी डोस थोडा कमीच केला.

जूनच्या अखेरीस मंदार आला, मनात थोडी धाकधूक घेऊनच. दुसऱ्या दिवशी त्याने मला फोन केला. म्हणाला, "आईने विचारलं, परतीचं तिकीट काढलंस का? मी म्हटलं, अजून नाही. तर म्हणते, एकाचंच काढ." आणि तो इतका हसला, की शेवटी त्याला बोलवेना.

सगळ्यांचं विसरणं एवढ्याने बरं होत नाही, हे मला माहीत आहे. आमचं नशीब चांगलं होतं. पण घरात कुणाची रोजची गोळी चालू असेल, तर ती कशाबरोबर घेतात हे एकदा जवळ बसून बघा... आणि डॉक्टरांना सांगा. आमच्या डॉक्टरबाईंनी डोस आणखी वाढवण्याआधी ते विचारलं, म्हणून आत्या आज तिच्या घरी आहे. त्यांचे मनापासून आभार.