ताणलेलं चामडं

बॅगांच्या कारखान्यात चामडं पारखायचं काम ती एकवीस वर्षं करत होती. कातडं टेबलावर सैल पसरायचं, चिमटीत धरायचं आणि सांगायचं: हे पट्ट्याला, हे अस्तराला, हे परत. तिचा शब्द मुकादमही मोडत नसे. मग कुठून दुखणं आलं कोण जाणे, तिचीच कातडी आवळत चालली. आधी बोटं, मग मनगट, मग पार कोपरापर्यंत. आतून कुणीतरी शिलाई घट्ट करत होतं.

दर सहा महिन्यांनी डॉक्टर तिच्या हाताला चिमटे काढून कडकपणाचे गुण मांडत. या खेपेला कारखान्याला दाखला हवा होता, आणि जुने डॉक्टर निवृत्त झाले होते. नव्या डॉक्टरीणबाईंनी चिमटा काढला, मागचे कागद चाळले आणि सांगितलं, आजार वाढलाय. हाताचं काम बंद करावं लागेल.

सोबत आलेल्या नणंदेचा चेहरा पडला. ती मात्र खुर्चीतून हलली नाही. दोन माणसांची चिमटी एक नसते, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. मागच्या वेळी लावलं होतं ते यंत्र लावा, म्हणाली.

यंत्र पेनाएवढं. सुई नाही, टाका नाही. टोक कातडीवर टेकवायचं, ती किती दबते त्याचा आकडा उमटतो. तंत्रज्ञाने टेकवलं. आकडा बराच चढा आला. डॉक्टरीणबाईंनी दाखल्यासाठी पेन उचललं.

तिने हाताकडे पाहिलं. जेवढी वळते तेवढी मूठ वळलेली होती. रागाने कधी वळली, तिलाच कळलं नव्हतं.

"हे मोजमाप मला मान्य नाही. ताणलेलं चामडं कडकच लागतं. आणि जागाही चुकलीये. मागच्या वेळी या तिळाखाली लावलं होतं."

"बाई, यंत्र मी चालवतो की तुम्ही?" तंत्रज्ञ म्हणाला.

"तुम्हीच चालवा. चामडं माझं आहे."

नणंद म्हणाली, वहिनीच्या नादी लागू नका, तिच्यापुढे मेलेल्या बैलाचंही काही चालत नाही.

डॉक्टरीणबाईंनी मागचा कागद पुन्हा पाहिला. तिळाची नोंद होती. त्यांनी तिचा हात उशीवर ठेवायला लावला. मूठ सोडायला तिला वेळ लागला. राग एकेका बोटातून काढावा लागला. तिळाखाली तीनदा मोजलं. आकडा सहा महिन्यांपूर्वीचाच.

"बरा झालेला नाही हं आजार," डॉक्टरीणबाईंनी बजावलं.

"मी कुठे म्हणते बरा झाला? वाढला नाही, एवढंच लिहा."

त्यांनी तेवढंच लिहिलं, आणि काम चालू ठेवायला हरकत नाही, असंही.

बाहेर आल्यावर नणंदेने तिची बोटं हातात घेतली. ती तळव्याला टेकत नव्हती. मूठसुद्धा धड वळत नाही गं, आता तरी घरी बस, असं ती काकुळतीने म्हणाली.

तिने हात सोडवून घेतला आणि नणंदेच्या दंडाला सणसणीत चिमटा काढला.

"मला चिमटी पुरते," ती म्हणाली. "तू अस्तराला चालशील."