जादा पाळलेली दहा मिनिटे

रिबेकाबाईंची आणि माझी पहिली भेट एका साध्या प्रश्नाने सुरू झाली. बी.एड.चा निकाल नुकताच लागला होता आणि त्या मुख्याध्यापिका असलेल्या छावणीतल्या शाळेत मी मुलाखतीला गेले होते. गणित कसे शिकवाल, वर्ग कसा सांभाळाल, या प्रश्नांची उत्तरे घरून पाठ करून नेली होती. बाईंनी माझे कागद पाहिले, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारले, "रविवारी येता येईल?"

माझे सारे शिक्षण जवळच्याच कॉन्व्हेंटमध्ये झालेले. रविवार म्हणजे सिस्टरांची प्रार्थना आणि आमची सुट्टी, हे अंगात भिनलेले. मी गोंधळून म्हणाले, "रविवारी शाळा असते?"

"असते. शनिवारी नसते. शुक्रवारी अर्धी. घरी विचारून या."

गुलमंडीवर आमचे कापडाचे दुकान होते. वडिलांनी ठाण गुंडाळता गुंडाळता सगळे ऐकून घेतले. "म्हंजे जग सुट्टीवर असताना तू कामावर, अन् जग कामावर असताना तू घरी. बरंय. शनिवारी गल्ल्यावर बसायला माणूस मिळालं."

गल्ल्यावर मी कधी बसले नाही. निवृत्त होईपर्यंत त्या शाळेतच राहिले. बाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी संपादकांनी लेख मागितला, तेव्हा काय लिहायचे याचा विचार करावा लागला नाही. एक गोष्ट बरीच वर्षे माझ्याकडे अडकून पडली आहे. तीच लिहिते.

ज्यांनी शाळा पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. पोलीस ॲक्शननंतर बेने इस्राएल या ज्यू समाजाची काही कुटुंबे टपाल, रेल्वे आणि छावणीतल्या दवाखान्याच्या नोकऱ्यांमुळे औरंगाबादेत स्थिरावली. घरात मराठी, प्रार्थना हिब्रूत. त्यांच्यातल्या वडीलधाऱ्यांनी मुलांसाठी ही शाळा काढली. मी आले तोवर बरीचशी घरे इस्राएलला गेली होती. वर्गात समाजाची मुले एखाददुसरी, बाकीची आमच्या गुलमंडीची, छावणीची आणि पहिल्या एस.टी.ने खुलताबादहून येणारी. पण सकाळची हिब्रू प्रार्थना सगळ्यांना तोंडपाठ. शिपाई इस्माईलचाचा तर घंटा देता देता ती पुटपुटायचे. गृहविज्ञानाच्या खोलीत दोन शेगड्या आणि भांड्यांचे दोन संच होते, एक दुधाचा, एक मटणाचा; त्यांच्या धर्मात दोन्ही एकत्र येऊ देत नाहीत. पहिल्याच महिन्यात मी खिरीसाठी नेमके मटणाचे पातेले काढले. मुली दातांखाली जीभ धरून उभ्या. बाई आल्या, पाहिले आणि म्हणाल्या, "खीर चाचांच्या घरी जाऊ दे, तिथं नातवंडं आहेत. अन् सुनंदा, उद्या मटणाच्या पातेल्यांच्या कानांना लाल दोरा बांध. चूक तुझी नाही, दोन्ही पातेली सारखी दिसतात."

बाई भूगोल शिकवत. नुकतेच रेखांश शिकलेली खुलताबादची एक मुलगी एकदा अर्धा तास उशिरा आली आणि म्हणाली, "बाई, आम्ही पश्चिमेला. आमच्याकडं सूर्य उशिरा उगवतो." बाईंनी क्षणभर छताकडे पाहिले. "बरोबर. अर्ध्या मिनिटानं. बाकीची साडेएकोणतीस मिनिटं कुठं होतीस?"

शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत त्यांचा शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा पवित्र दिवस. त्या वेळात बाई लिहीत नसत, कामाचा कागद वाचत नसत. शनिवारी तासभर मी शाळेत जाऊन टपाल घ्यायचे, एका फायलीत ठेवायचे आणि रविवारी सकाळी ती फाईल बाईंपुढे ठेवायची, अशी रीत होती. शनिवारी आलेला कागद शनिवारी बाईंना दाखवायचा नाही. ही रीत मी मनापासून पाळायचे. तिच्यामुळेच पुढचे सारे झाले.

दहावीच्या परीक्षेआधीच्या हिवाळ्यात एका शनिवारी परीक्षा मंडळाचे पाकीट आले. मी ते फोडले नाही. दुसऱ्या दिवशी क्रीडादिन होता. सकाळी पळापळीत ते हातात घेऊन निघाले, तेवढ्यात एक मुलगी पडून तिचा हात मोडल्याची हाक आली. शिट्ट्या, दोऱ्या आणि ते पाकीट मी एकत्रच कपाटात कोंबले आणि मुलीला घेऊन दवाखान्यात गेले. पुढच्या रविवारी फाईल दिली ती नव्या टपालाची.

तीन आठवड्यांनी दोऱ्या काढताना पाकीट हाती लागले. आत परीक्षेचे वेळापत्रक होते. भूमितीचा पेपर शनिवारी. खाली ओळ होती: कोणा विद्यार्थ्यास धार्मिक कारणाने अडचण असल्यास पंधरा दिवसांत कळवावे.

त्या वर्षी दहावीत समाजाची एकच मुलगी होती, रूथ. तिचे वडील अब्राहामकाका छावणीत लष्करी गणवेश शिवायचे आणि शनिवारी प्रार्थनाघरात हजान म्हणून प्रार्थना चालवायचे. ती जुनी माणसे प्रार्थनाघराला मशीदच म्हणत. रूथला परिचारिका व्हायचे होते. मुंबईच्या एका रुग्णालयात प्रवेशाचे बोलणे झाले होते, पण त्याच वर्षी पास झाली तर. एक पेपर बुडाला की वर्ष गेले. अब्राहामकाकांनी आधीच सांगून ठेवले होते, "वर्ष गेलं तर माझ्याकडं दुसरं मशीन रिकामं आहे." ती त्या मशीनवर एकदा बसली की उठणार नाही, हे बाईंना आणि मला ठाऊक होते.

मी पाकीट बाईंच्या टेबलावर ठेवले आणि रडू लागले. बाईंनी दोनदा वाचले.

"रूथला सांगितलंस?"

"नाही."

"मग रडणं नंतर. आधी टांगा बोलाव."

मंडळाच्या कचेरीत मोरेसाहेब म्हणून अधिकारी होते. खेड्यातल्या शेतकरी घरातून शिकून वर आलेले, बोलणे तिथलेच. त्यांनी पत्र उलटसुलट पाहिले.

"बाई, मुदत गेली. आता एका पोरीसाठी समद्यांचा पेपर हलवू का मी? एक दिवस देव डोळे झाकीन की."

"देव झाकील. ती नाही झाकणार."

"पत्र येळेत का नाय वाचलं?"

मी तोंड उघडले. टेबलाखाली बाईंच्या हाताने माझे मनगट घट्ट धरले.

"माझ्याकडून राहिलं," बाई म्हणाल्या.

"तसं लिहून द्याल?"

"कागद द्या."

माझ्या दुर्लक्षामुळे उत्तर गेले नाही, असे त्यांनी तिथेच लिहून सही केली. टांग्यात मी म्हणाले, "बाई, हे खोटं आहे." त्या बाहेर बघत म्हणाल्या, "शनिवारी मला कागद दाखवायचा नाही, हा नियम कुणाचा? माझा. नियम माझा, तर त्यातून झालेली चूकही माझीच."

आठवड्याने परवानगी आली. अटी कडक होत्या. सकाळी पेपर सुरू होण्याआधी रूथला एका खोलीत बसवायचे, मंडळाची पर्यवेक्षिका तिच्याजवळ राहणार, कुणी भेटायचे नाही, बोलायचे नाही. संध्याकाळी केंद्रप्रमुखांच्या सहीने प्रश्नपत्रिकेचे पाकीट फुटेल. सातच्या आत फुटले नाही तर गैरहजर. केंद्र आमच्याच शाळेत, त्यामुळे केंद्रप्रमुख अर्थात बाईच होत्या, आणि शब्बाथ संपेपर्यंत त्यांनाही सही करता येणार नव्हती.

"सातपर्यंत मी काय करू?" रूथने विचारले.

"झोप."

"भूमिती डोक्यात असताना?"

"मग मनात आकृत्या काढ. मनात काढायला शब्बाथची ना नाही."

मार्चमधले आकाश स्वच्छ असते, पावणेसातनंतर तारे दिसू लागतात, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. त्या शनिवारी दुपारी तीनपासून गारपिटीआधी येतात तसे ढग जमू लागले. साडेपाचला सगळे आकाश शाईसारखे झाले. मोरेसाहेब पाकीट घेऊन सहाला आले आणि व्हरांड्यात खुर्चीवर बसले. अब्राहामकाका पटांगणात मान वर करून उभे. इस्माईलचाचा त्यांच्या शेजारी. "या अल्ला, तीन नै तो एक तो दिखा," ते पुटपुटत होते.

पावणेसात वाजले. मोरेसाहेब म्हणाले, "अंधार तर पडला. आता काय राह्यलं?"

"तीन तारे दिसायला हवेत," अब्राहामकाका म्हणाले. "ढग असले तर कॅलेंडरवरची वेळ." व्हरांड्यात मुंबईहून आलेले समाजाचे कॅलेंडर टांगलेले होते. त्या शनिवारपुढे छापले होते: सात वाजून आठ मिनिटे.

मोरेसाहेबांनी घड्याळ पाहिले. "आठ मिनिटं माझ्या हातात नाहीत, बाई. पाकिटावर येळ लिहावी लागती. खोटी येळ मी लिहिणार नाय."

"मी तुम्हाला तसं सांगणारही नाही."

सातला दहा कमी होती. रूथच्या खोलीच्या बंद दाराकडे कुणी बघत नव्हते. बाई कॅलेंडरसमोर उभ्या होत्या, हात पाठीमागे, वर्गात फळ्यासमोर उभ्या राहत तशा. मग न वळताच म्हणाल्या, "काका, हे कॅलेंडर कुठं छापलंय?"

"मुंबईला. आणि कुठं?"

"वेळ कुठली छापलीय?"

"मुंबईचीच असणार."

"मुंबई त्र्याहत्तर अंशाला थोडी कमी. आपण पंचाहत्तरच्या पुढं. अडीच अंश धरा. अंशाला चार मिनिटं."

"दहा," मी म्हणाले. 

"आपण पूर्वेला. सूर्य इथं दहा मिनिटं आधी मावळतो. म्हणजे शब्बाथ इथं सहा अठ्ठावन्नला संपतो." त्या अब्राहामकाकांकडे वळल्या. "हिशेब माझा. निर्णय तुमचा."

अब्राहामकाकांनी पुन्हा वर पाहिले. कपाळावर घाम होता. "पोरगी माझी आहे म्हणून मी हो म्हणतोय, असं तर होत नाही ना, रिबेका?"

"पोरगी माझी असती, तर मला काय सांगितलं असतं?"

त्यांनी कॅलेंडरकडे पाहिले. मोरेसाहेब खुर्चीवरून उठून उभे राहिले होते, का ते त्यांनाही ठाऊक नसावे. पाच कमी. चार कमी.

"म्हणजे," अब्राहामकाका सावकाश म्हणाले, "ढगाळ दिवसांत आपण या गावात आजवर दहा मिनिटं जादा पाळली म्हणायची."

"जादा पाळल्याचं पाप नसतं," बाई म्हणाल्या.

"नसतं." मग दोन कमी झाली तशी त्यांनी डोळे मिटले आणि शब्बाथ संपल्याची छोटी प्रार्थना म्हटली. ती आटोपल्यावर बाईंनी माझ्यापुढे हात केला. मी पेन दिले. सही झाली तेव्हा शाळेच्या घड्याळात एक मिनिट कमी होते.

दार उघडले तर रूथ टेबलावर डोके ठेवून गाढ झोपलेली.

"रूथ," बाई म्हणाल्या, "ऊठ. शनिवार संपला."

सव्वासातला ढग फाटले. मोरेसाहेबांनी मला बोट करून दाखवले, "बघा, आता दिसाय लागले." त्यांनी मोजलेही: तीन नव्हे, पाच.

रूथ पास झाली. आज ती बिरशेबाच्या एका रुग्णालयात मुख्य परिचारिका आहे. पण बाईंनी लिहून दिलेला कागद कुठे गेला नाही. त्यांच्या सेवापुस्तिकेत 'कर्तव्यात हलगर्जी' असा शेरा पडला. पुढच्या वर्षी परीक्षा केंद्र आमच्याकडून गेले. काही वर्षांनी आदर्श शिक्षक पुरस्कारासाठी शाळेने बाईंचे नाव पाठवले, ते त्या शेऱ्यामुळे परत आले. त्या दिवशी शिक्षक खोलीत कुणीतरी म्हणाले, "बाईंसारख्या बाईंच्या हातून असं व्हावं?" मी तिथेच होते. चहाचा कप धुवत राहिले.

सहकाऱ्यांनो, माजी विद्यार्थ्यांनो, ते पाकीट बाईंच्या टेबलावर मुदतीत पोहोचलेच नव्हते. ते माझ्या कपाटात होते. हलगर्जी माझी होती. हे मी तेव्हाच बोलायला हवे होते. आधी नोकरीची भीती वाटली, पुढे लाज वाटू लागली, आणि वर्षे गेली.

त्या प्रसंगानंतर बाईंनी रीत बदलली. फाईल बंद. दर शनिवारी तारे दिसले की मी टपाल घेऊन छावणीतल्या त्यांच्या घरी जायचे. त्या काळ्या मनुकांचे शरबत पुढे ठेवत आणि आम्ही एकेक पत्र तिथेच वाचून संपवायचो. आता टपाल येत नाही, आम्ही दोघीही निवृत्त. तरी मी शनिवारी जाते. गेल्या शनिवारी मी हा लेख त्यांना वाचून दाखवला आणि छापू का, असे विचारले.

बाईंनी शरबताचा ग्लास खाली ठेवला. मग म्हणाल्या, "शेरा माझा आहे, तो मला राहू दे. पण लिहायचं असेल तर लिही. तुझं ओझं उतरेल." ग्लास उचलताना पुढे म्हणाल्या, "मात्र मोरेसाहेबांचं नीट लिही. भला माणूस होता. खुर्चीवरून उठला होता."

त्यांच्या समाजात एकशेवीस वर्षे आयुष्य चिंतायची पद्धत आहे. बाईंना ते आवडत नाही. "तेवढी वर्षं वेळापत्रक कोण करणार?" असे त्या म्हणतात. तरीही, त्यांचे गुडघे आणि डोळे असेच साथ देत राहोत आणि शनिवारच्या त्या शरबताला मी पोहोचत राहो, असे मागताना मी हिशेब त्यांचाच धरते: बाईंना पूर्ण एकशेवीस वर्षे मिळोत, आणि त्यावर मुंबईच्या कॅलेंडराप्रमाणे दहा मिनिटे जादा.