सुनंदाची डोण

रविवार, ९ सप्टेंबर २००७, शिनोली

दोन महिने इथे ब्लॉगवर काही लिहिलं नाही, माफ करा... गल्लीत ताप होता, घोडेगावच्या नेट कॅफेपर्यंत जाणं होत नव्हतं. खरं तर एवढंच कारण नाही. जे मनात होतं ते लिहायची लाज वाटत होती.

पावसाळा लागल्यापासून मी घरोघर सांगत होते, आठवड्यातून एकदा पाण्याची सगळी भांडी रिकामी करून घासा. डासांच्या अळ्या मरतील, धुराचं मशीन बोलवावं लागणार नाही. त्या धुराने माझ्या सासऱ्यांना रात्रभर धाप लागते, आणि डास चार दिवसांत परत हजर. बायका "हो ताई" म्हणायच्या. भांडी तशीच.

मग माझ्या धाकट्या जावेने, सुनंदाने, ओट्यावर भाजी निवडता निवडता विषय काढला. "शेतात वारंगुळा करतो ना आपण? आज तुझी खुरपणी, उद्या माझी. तसंच हौदाचं करू. रोज एकीच्या घरी समद्यांनी जायाचं. जिचं घर, तिनं आधी हात लावायचा न्हाई."

सात घरं, सात दिवस. लगेच सुरू. डास कमी झाले, मशीन आलं नाही, सासरे झोपू लागले. मला आनंद व्हायला हवा होता... सासरेच म्हणाले, "सुनंदानं लई झ्याक काम केलं." मी त्यांच्यापुढे चहाचा कप जरा आपटूनच ठेवला.

परवा सुनंदाच्या घरची पाळी. गोठ्यामागे गुरांना पाणी पाजायची दगडी डोण आहे, तिकडे मी मुद्दाम एकटी गेले. वाकून पाहिलं... पाण्यात अळ्या वळवळत होत्या. जिवाला गार वाटलं. खोटं कशाला लिहू?

सगळ्यांना हाक मारावी, की गुपचूप बोळा काढून पाणी सोडून द्यावं? गप्प राहिले तर तो मोठेपणा, की मनातल्या मनात मिरवायची सोय? एवढं ठरेपर्यंत सुनंदा मागे येऊन उभी. डोणीत डोकावून तिनेच हाक मारली,

"अगं बायांनो, इकडं या. शाण्या बाईच्याच घरी पाळणा हललाय बघा."

"मग बारसं कधी गं?" शेजारच्या कमळाबाई म्हणाल्या. सगळ्या हसल्या.

मला वाटलं, आता वारंगुळा मोडणार. पण हसता हसता कमळाबाईच म्हणाल्या, "उद्या माझी पाळी हाय. न्हाणीमागचं पिंपबी बघा. लाजंनं दावलं न्हवतं मी."

काल ते पिंप रिकामं केलं. अळ्याच अळ्या.

मी सांगून जे झालं नाही, ते तिच्या हसण्याने झालं. हेवा कमी झालेला नाही, उलट वाढलाय... पण सासरे शांत झोपताहेत ते तिच्यामुळे, हे आज इथे लिहून टाकते.

उद्या माझी पाळी. आजच सगळं घासून ठेवायला हात शिवशिवताहेत.

उद्याचं काम: सगळ्या बायका येईपर्यंत हौदाला हात न लावणे.