दहा वाजून दहा मिनिटं

घड्याळकाकांचं दुकान एवढं लहान आहे की आत गेलेल्या माणसाला वळायचं असेल तर आधी बाहेर यावं लागतं. असं मी लोकांना सांगते आणि काका डोळ्यावरचं भिंग न काढता माझ्याकडे बघतात. त्यांच्या दुकानाला लागूनच माझं झेरॉक्सचं दुकान. मधली भिंत प्लायवूडची, त्यामुळे माझं सगळं बोलणं त्यांना ऐकू जातं. ते मला ‘छापखाना’ म्हणतात. एकदा आत गेलं की दहा प्रती होऊनच बाहेर येतं, म्हणे. खोटं नाही ते. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. आत्ता हे सांगतेय तेही त्याच खोडीपायी, पण या वेळी सांगायलाच हवं म्हणून.

काकांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. मग लोक वेळ फोनात बघायला लागले आणि काका दिवसदिवस रिकामे बसायला लागले. परगावी असलेल्या त्यांच्या मुलानं एक फोन पाठवून दिला. दुसरा कुणी असता तर नातवाला विचारत बसला असता. काका वही घेऊन बसले. कुठलं बटण दाबलं की काय होतं, काय केलं की परत मागे येता येतं, सगळं पेन्सिलीनं लिहून काढलं. महिन्याभरात गल्लीतली म्हातारी माणसं नवे फोन घेऊन त्यांच्याकडे यायला लागली.

फोन लावून देण्याची त्यांची एक पद्धत होती. आधी अक्षरं मोठी करायची. मग नको ती ॲपं काढायची. टॉर्चच्या ॲपला तुमच्या ओळखीच्या माणसांची यादी कशाला हवी, असं विचारून ते टॉर्चचे सगळे हक्क काढून घ्यायचे. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी नावाऐवजी फोटो लावायचे. पडद्यावर मुलाचा चेहरा असायचा, तो दाबला की मुलाला फोन. अनोळखी फोन उचलायचा नाही, हे तर दहादा घोकून घ्यायचे. मलाही त्यांनी सोडलं नाही. लोक छापायला ओळखपत्रं, दाखले, काय काय माझ्या फोनवर पाठवतात. ते रोज शटर ओढायच्या आधी पुसून टाकायचं, हा त्यांचा नियम. मी तो पाळत होते.

अडत होतं ते कुलपाच्या नंबरापाशी. म्हातारी माणसं नंबर विसरायची. एका आजोबांनी चुकीचा नंबर इतक्या वेळा दाबला की शेवटी फोन कोरा करण्याशिवाय इलाज उरला नाही. त्यात त्यांच्या गेलेल्या बायकोचे फोटो होते. आजोबा काकांच्या पायरीवर बराच वेळ बसले आणि उठून गेले. त्या दिवशी काकांनी ठरवलं, यापुढे सगळ्यांना एकच नंबर. एक शून्य एक शून्य.

घड्याळवाल्याच्याच डोक्यात यावा असा तो नंबर. काचेत मांडलेलं बंद घड्याळ दहा वाजून दहावर ठेवायची रीत असते, काटे दोन्हीकडे सारखे उघडतात आणि मधलं कंपनीचं नाव झाकलं जात नाही. काकांच्या काचेत अशी अकरा घड्याळं होती. नंबर विसरलात तर माझ्याकडे यायचीसुद्धा गरज नाही, काचेत बघा, असं ते सांगायचे. टॉर्चवर विश्वास न ठेवणारा माणूस अख्ख्या गल्लीची किल्ली काचेत टांगून बसला होता, आणि आम्हाला सगळ्यांना त्याचं कौतुक.

समोरच्या माडीवर शिलाईवाल्या ताई राहतात. शाळेचे गणवेश शिवतात. त्यांचे यजमान गोदामात मुकादम. एकुलती एक मुलगी, तिनं स्वतःच्या मनानं लग्न केलं आणि बापानं तिचं नाव टाकलं. घरात तिचा विषय काढायचा नाही, फोटो लावायचा नाही. मुलीनं गाव सोडलं, नंबर बदलला, नवा पत्ता कुणालाच कळवला नाही, कारण बाप मैत्रिणींच्या घरी जाऊन तमाशे करत होता. नवा नंबर तिनं फक्त आईला दिला. काकांनी तो ताईंच्या फोनात मुलीच्या लहानपणच्या फोटोमागे घालून दिला आणि वर कुलूप लावलं. रोज दुपारी यजमान कामावर असताना ताई मशीन थांबवायच्या आणि तो फोटो दाबायच्या. दीड वर्ष हे चाललं. मधे मुलीला बाळ झालं. बाळाचा फोटो छापून घ्यायचा म्हणून तिनं तो थेट माझ्या दुकानाच्या फोनवर पाठवला, मी छापून दिला. ताईंनी तो गणवेशाच्या कागदी मापांच्या गठ्ठ्यात लपवला.

मुकादम एकदा माझ्याकडे कसल्याशा कागदाच्या प्रती काढायला आले. प्रती निघेपर्यंत बोलायला काहीतरी हवं म्हणून की काय, हसत म्हणाले, आमच्या मंडळींनी फोनला कुलूप लावलंय, काय नंबर ठेवलाय कोण जाणे. मीही हसले. इतकी हसले की मला माझी आजही शिसारी येते. आणि बोट काकांच्या काचेकडे केलं. म्हटलं, “बघा ना किती वाजलेत. सगळ्या गल्लीचा तोच नंबर आहे.”

ते गेल्यावर पाच मिनिटांनी मला कळलं, मी काय बोलून बसले. पण गेला शब्द कुठे परत येतो!

दुसऱ्या दिवशी दुपारी मशीनचा आवाज आला नाही. ताई खाली उतरल्या त्या रिकाम्या हातांनी. आदल्या संध्याकाळी यजमानांनी फोन उघडला होता. बाळाचे फोटो बघितले होते. मग ताईंच्याच फोनवरून, ताईंच्याच नावानं मुलीला लिहिलं होतं की यापुढे फोन करू नकोस, मला तुझं तोंड बघायचं नाही. निरोप पोचल्याची खात्री करून त्यांनी फोन कोरा केला आणि सिम मोडून टाकलं. हे सगळं त्यांनी स्वतःच ताईंना जेवताना सांगितलं.

ताईंनी काकांना एवढंच विचारलं की तिचा नंबर तुमच्या वहीत असेल ना. काकांनी नाही म्हणून मान हलवली. दुसऱ्याचे नंबर आपल्याजवळ लिहून ठेवायचे नाहीत, हाही त्यांचाच नियम.

“मी फोटो दाबत होते हो काका,” ताई म्हणाल्या. “नंबर मी कधी बघितलाच नाही.”

माझ्या फोनवर आला होता तो नंबर. पण मी रोज संध्याकाळी पुसत होते. जिथे जीभ आवरायची तिथे आवरली नाही आणि जिथे विसरले असते तर बरं झालं असतं तिथे नियम पाळला. फोन कंपनीच्या दुकानातही जाऊन आलो. सिम यजमानांच्या नावावर, त्यांच्या सहीशिवाय ते काही सांगेनात.

त्या संध्याकाळी मी काकांपुढे सगळं ओकले. त्यांनी भिंग काढून टेबलावर ठेवलं. मला वाटलं आता चांगली खरडपट्टी निघणार. ती निघाली असती तर मला सोपं गेलं असतं.

“किल्ली मी टांगली होती,” ते म्हणाले. “तू बोट दाखवलंस. ताईंना काय सांगायचं ते तू सांग, मी सांगणार नाही.”

मी सांगितलं नाही. हिंमत झाली नाही.

काकांनी चार दिवस दुकान बंद ठेवलं. गल्लीतल्या प्रत्येक घरात गेले, माझी चूक झाली म्हणाले आणि प्रत्येकाला स्वतःचा नंबर लावायला बसवलं. नंबर दाबायची वेळ आली की हे उठून भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. एक आजी म्हणाल्या, अरे तुझ्यापासून काय लपवायचं? काका वळले नाहीत. म्हणाले, माझ्यापासूनच. आणि जाण्याआधी जवळच्या एका माणसाचा नंबर पाठ म्हणून घ्यायचे, पाढ्यासारखा, न अडखळता तीन वेळा. काचेतली अकरा घड्याळंही त्यांनी अकरा वेगवेगळ्या वेळांवर लावली.

नंबर मात्र मिळत नव्हता. ताई पुन्हा मशीनवर बसायला लागल्या, पण दुपारची ती वेळ झाली की मशीन आपोआप थांबायचं आणि तासभर गल्लीत नुसती शांतता. तिकडे मुलगी आईला दोष देत असेल, आणि तो निरोप आपला नव्हता हे आईला कळवायची सोय नाही. हा विचार दुपारभर डोक्यातून जायचा नाही.

महिन्याभरानं काकांनी मला भिंतीपलीकडून हाक मारली. ते एका घड्याळाचे सुटे भाग पुडीतून काढत होते. या पुड्या ते माझ्याकडच्या वाया गेलेल्या कागदांच्या करतात. मी खराब प्रिंट कापून त्यांना गठ्ठ्यानं देते. त्यांनी विचारलं, बाळाचा फोटो पहिल्या झटक्यात नीट निघाला होता का? मी आठवत बसले आणि एकदम डोळ्यांपुढे तो कागद आला. नव्हता निघाला. छापताना दुकानाचा फोन मी संगणकाला जोडते, आणि पहिल्यांदा माझ्या हातून संगणकाचा अख्खा पडदा छापला गेला होता. वर पाठवणाऱ्याचा नंबर, खाली बाळ. तो कागद मी कापून रद्दीत टाकला होता.

काकांच्या खणांत चारशेच्या वर पुड्या होत्या. प्रत्येकीत एखादं चाक, स्प्रिंग, स्क्रू. आम्ही तिघं बसलो. काका पुडी सोडायचे, भाग बशीत ठेवायचे, कागद ताईंकडे द्यायचे, आणि मी तेच भाग नव्या कागदात बांधून वर नाव लिहायचे. तिसऱ्या दिवशी ताईंनी एक चिठोरं दोन्ही हातांत धरलं आणि आमच्यापुढे केलं. त्यावर बाळाचं कपाळ होतं, केसांचा उभा तुरा होता. वर नंबर होता. माझ्या कात्रीनं त्याचे शेवटचे दोन आकडे उडवले होते.

मी रडायलाच लागले. काका मात्र कागदाकडे बघत शांतपणे म्हणाले, दोन आकडे म्हणजे शंभर नंबर. शंभर काही फार नाहीत.

अनोळखी फोन उचलू नका असं जन्मभर सांगणारा माणूस त्या दिवसापासून स्वतः अनोळखी फोन झाला. रोज दुपारी ताई शेजारी बसायच्या आणि काका एकेक नंबर लावायचे. समोरच्यानं उचलला की विचारायचे, तुमच्या आई शिलाईकाम करतात का? कुणी शिव्या दिल्या. एका बाईनं पोलिसांत द्यायची धमकी दिली. एक गृहस्थ म्हणाले, करायची, मागच्या वर्षी गेली, आणि दहा मिनिटं आईबद्दल बोलत राहिले. काकांनी ऐकून घेतलं. लागलेला प्रत्येक नंबर ते वहीत खोडायचे. अठ्ठ्याऐंशी खोडले. तीन बंद होते. नऊ वाजत राहायचे, पण उचलत कुणी नव्हतं.

“ती नाही उचलणार,” ताई म्हणाल्या. “तुम्हीच शिकवलंय तिला.”

खरंच होतं. मुलीचा पहिला फोन काकांनीच लावून दिला होता. काकांनी वही पुढे ओढली. मग त्या नऊ नंबरांवर त्यांनी एकच निरोप पाठवला. लिहिताना मी बघत होते. ‘दहा वाजून दहा मिनिटं. तो निरोप आईनं लिहिला नव्हता. तिचा फोन दुसऱ्यानं उघडला. ती इथे बसली आहे.’

बाकीच्या आठ जणांना हा कुणी वेडा वाटला असेल. नववी ताईंची मुलगी, आणि तिच्या पहिल्या फोनचं कुलूपही त्याच नंबराचं होतं. दहा मिनिटांत फोन वाजला.

काकांनी तो ताईंच्या हातात दिला आणि उठून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्या दुकानात दुसरीकडे जायला जागाच नाही. ताई सुरुवातीला नुसत्या “बाळा, बाळा” म्हणत होत्या. पलीकडून एक मोठी बाई हुंदके देऊन रडत होती आणि मधेच एक लहान मूल बडबडत होतं.

फोन झाल्यावर ताईंनी पूर्ण नंबर तीन वेळा म्हणून दाखवला. कुठेही अडखळल्या नाहीत. काकांनी स्वतःचा एक जुना फोन पुसून, नीट लावून ताईंपुढे ठेवला आणि म्हणाले, आता तुमचा नंबर तुम्ही लावा. ते पुन्हा भिंतीकडे वळले.

त्या क्षणी मला राहवलं नाही. मी म्हटलं, “ताई, यजमानांना घड्याळं मी दाखवली होती.”

ताई माझ्याकडे बघत राहिल्या. त्या रागावल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. फोन हातात घेतला, बोट पडद्यावर टेकवलं आणि थांबल्या.

“तूही तिकडे बघ,” त्या म्हणाल्या.

मी काकांच्या शेजारी जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. ताई रोज दुपारी काकांच्या दुकानात येऊन मुलीशी बोलतात, फोन इथेच ठेवून घरी जातात. माझ्याशी चांगलं बोलतात, गणवेशाच्या पावत्या माझ्याकडेच छापतात. पण फोन उघडायला त्या बोट पुढे करतात तेव्हा मी आपणहून भिंतीकडे वळते. एक दिवस त्या म्हणतील, राहू दे गं, अशी वाट बघते. अजून म्हणालेल्या नाहीत.