नगाऱ्याला न लावलेला डायोड

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईलाही नाही. तुम्हाला सांगते, कारण सोमवारी ते सगळ्यांसमोर सांगायचं आहे आणि जिभेला थोडी सवय हवी.

माझं रत्नागिरीत दुकान आहे. मिरकरवाड्यातल्या बोटींची यंत्रं, इन्व्हर्टर, पंपांचे बोर्ड — बिघडलेलं सगळं माझ्याकडे येतं. माहेर जवळच्या एका वाडीत. तिथल्या शंकराच्या देवळात नगारा वाजवायचे बबनकाका, म्हणजे आमचे गुरव. त्यांचे गुडघे दुखायला लागले, तेव्हा गावाने आरतीसाठी मशीन आणायचं ठरवलं. बाजारात आयतं मिळतं. पण मी गप्प बसेन तर ना! म्हटलं, ते नुसतं खडखडतं, मी याहून चांगलं बनवते.

बनवलंही. एक कॉइल, तिच्यात वीज सोडली की काठी नगाऱ्यावर पडते, तोडली की उठते. आता ही कॉइल मोठी हट्टी. वीज अचानक तोडली की ती उलटा झटका मारते आणि वीज तोडणारा ट्रान्झिस्टरच जाळते. म्हणून तिला डायोड लावतात — झटक्याला फिरून जायला वाट. साधा डायोड माझ्या खणात पडलेला होता. पण तो लावला की काठी सावकाश सुटते, कातड्यावर रेंगाळते, ठेका बसका येतो. त्याच्या जोडीला झेनर हवा, म्हणजे झटका ठरावीक मर्यादेत रोखणारा दुसरा डायोड; मग झटकाही आवरतो आणि काठीही चटकन उठते. हव्या त्या ताकदीचा झेनर रत्नागिरीत मिळाला नाही, मागवावा लागणार होता. आणि महाशिवरात्र तर तोंडावर आलेली.

मग मी काय केलं? काहीच लावलं नाही. ठेका कसा खणखणीत आला! चालून जाईल, म्हटलं. मला ठाऊक होतं — हे लक्षात ठेवा — मला पक्कं ठाऊक होतं.

शिवरात्रीला भर आरतीत काठी नगाऱ्यावर पडली ती उठेचना. लोक टाळ्या वाजवत एकमेकांकडे बघायला लागले. तेवढ्यात कोपऱ्यातून बबनकाका पुढे आले, काठी बाजूला सारून हाताने वाजवायला लागले आणि आरती पुरी केली. देवाची आरती अडू नये, एवढंच त्यांच्या मनात असणार. पण लोकांना वाटलं, हा बरा तयारीत होता!

मी मशीनची पेटी उघडली. उलट्या झटक्याने ट्रान्झिस्टर जळून तडकला होता, त्याला वीज तोडताच येत नव्हती, म्हणून काठी अडकलेली. बघताक्षणी कळलं. देवस्थानचे अध्यक्ष आप्पांनी विचारलं, "कुणी हात लावलाय का गो?"

नाही — एवढा एकच शब्द म्हणायचा होता. जड होता का तो? सगळं गाव माझ्याकडे बघत होतं, आणि आदल्या दिवशीच मी किती मिरवले होते!

मी म्हटलं, "लावल्यासारखं वाटतंय."

नाव मी घेतलं नाही. घ्यावं लागलंच नाही. सगळ्यांच्या माना काकांकडे वळल्या. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "मी नाय गो हात लावला, बाय." मी पेटीत डोकं घालून बसले. देवळाची किल्ली त्यांच्या बापापासून त्यांच्या घरात होती. आप्पांनी ती त्याच संध्याकाळी मागून घेतली. पुढे झेनर आला, मी दोन्ही लावले, मशीन आजतागायत वाजतं आहे. माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. ती शाल मी एकदाही पांघरलेली नाही, पण घेतली तर होतीच ना?

गेल्या आठवड्यात काका दुकानात आले. रेडिओ बंद पडलेला. त्या शिवरात्रीनंतर एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी माझ्या दुकानाची पायरी चढली होती. म्हणाले, "तुज्या हाताला गुण हाय गो, म्हणून तुज्याकडंच आणला." मी खाली मान घालून डाग देत होते आणि काउंटरवर त्यांची बोटं वाजत होती, नकळत. आरतीचा ठेका. एक मात्राही चुकली नव्हती. मला रडू आलं, आणि खरं सांगते, बरंही वाटलं. अजून उशीर झालेला नव्हता. माणूस समोर होता, हात शाबूत होते, किल्ली आप्पांच्या घरी खिळ्याला टांगलेली होती.

काका गेल्यावर लगेच आप्पांना फोन केला. म्हटलं, सोमवारी आरतीनंतर सगळ्यांना थांबवा, आणि बबनकाकांना घरी जाऊन बोलावून आणा. का, ते सांगितलं नाही.

सोमवारी आरतीआधी मशीनची पिन मी काढून ठेवणार आहे. काका नगाऱ्याला हात लावतील की नाही, ते त्यांचं ते ठरवतील. आरती झाली की मी त्याच जागी उभी राहीन, आणि या वेळी पेटीत डोकं न घालता, त्यांच्याकडे बघून सांगेन — काकांनी हात लावला नव्हता. डायोड मी लावला नव्हता, आणि ते मला तेव्हाच माहीत होतं.